लाल डाळिंबातले जीव

जवाहरच्या तोंडात तीळ भिजत नाही, हीच गुणमालाला धास्ती होती. तिचा हा नवरा शेतकी शाळेत मास्तर. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली, कवठे महांकाळच्या माळावर त्यांची डाळिंबं पहिल्यांदा धरली, आणि एकाच विहिरीवरची काही फळं लालबुंद नि काही फिक्कट का, हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. शाळेतला सूक्ष्मदर्शक आणून सोप्यात मांडला. चाकू तापवून चांगलं फळ कापलं, तरी रसात जंतू वळवळताना दिसले. कीड नाही, नास नाही. फळाच्या आतच राहणारे. आणि फळ जितकं लाल, तितके ते जास्त. रंग नि गोडी हेच आणत असतील, म्हणाला आणि खुळ्यासारखा हसत सुटला.

गुणमालानं आधी आतल्या दाराकडं बघितलं. आत सासूबाई निजल्या होत्या. जैनांचे सगळे नेम पाळणाऱ्या, पाणी गाळून, उकळून पिणाऱ्या, दिवस मावळल्यावर घोटही न घेणाऱ्या त्रिशलाबाई. दोन महिने आजारानं अंथरुणाला खिळल्या होत्या. पेज ठरत नव्हती, उकळलेला रसही उलटायचा. कच्चा डाळिंबाचा रस तेवढा टिकायचा, आणि सून हौसेनं रोज सगळ्यात लाल फळ निवडायची! रसात जीव आहेत हे कळलं तर बाई रस सोडणार, आणि एकदा नेम धरला की कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीत. मग आठ दिवसही निघायचे नाहीत.

आईंना सांगू नका म्हणून तिनं नवऱ्याचे पाय धरले. तो बरं म्हणाला, आणि दुपारी आईच्या उशाशी बसून सगळं ओकून मोकळा झाला. काय म्हणावं असल्या माणसाला!

त्रिशलाबाई चिडल्या नाहीत. लेकाचं डोकं फिरलंय, म्हणाल्या. रस सुनेनं त्या यंत्राच्या काचेतून बघायचा, निर्मळ असला तरच त्या घेणार. गुणमाला काही खोटं बोलायची नाही.

अंथरूण सोप्यात आणलं. आरसा उन्हाकडं फिरवून गुणमाला वाकली. देवा, काही दिसू देऊ नको, एवढंच ती मनात म्हणत होती. पण दिसलं. उजेडात बारीक ठिपके निवांत सरकत होते. खरं बोललं तर सासू मरणार. खोटं बोललं तर एका नेमधर्माच्या बाईला बाटवल्याचं पाप, आणि ते कुठल्या जन्मात फिटणार?

"निर्मळ हाय, आत्या," ती म्हणाली.

त्रिशलाबाईंनी निम्मा रस दुसऱ्या वाटीत ओतायला लावला.

"ही तुझी. तू घेतल्याबिगर मी तोंडाला लावायची न्हाई."

संशयानं म्हणाल्या की मायेनं, ते तिला कळेना. दारात जवाहर उभा होता; आता हा बोलतो की काय, या भीतीनं तिनं तिकडं बघितलंच नाही. णमोकार मंत्र म्हणायला गेली तर शब्द आठवेनात. डोळे मिटून तिनं वाटी रिकामी केली. ते सगळे ठिपके घशातून खाली उतरताना तिला जाणवत होते.

"गोड हाय?"

"लय गोड हाय," गुणमाला म्हणाली. तेवढं मात्र खरं होतं.

मग त्रिशलाबाईंनी हात जोडले, आणि वाटी उचलून रस पिऊन टाकला.