बारा झाऱ्या

मित्रीने पहिला रांजण लाथेनेच फोडला. कच्चा होता तो. भट्टीत जागा नव्हती म्हणून अंगणात उन्हात वाळत राहिलेला, त्यामुळे फुटल्याचा आवाजसुद्धा धड आला नाही. नुसता धप्प झाला आणि ढेकळं पसरली. दुसरा रांजण त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि भावाच्या पायाशी आपटला.

"विझव ती भट्टी, नख्ले!"

नख्लेने मान वर केली नाही. भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसून तो टोपलीने पेंड आत लोटत होता. ऑलिव्हच्या घाण्यातली पेंड. लाकूड माती नुसती तापवतं. ती खरी लाल होते पेंडीच्या जाळावर, आणि पेंडीचा धूर डांबरासारखा काळा असतो. पहाटेपासून ओकच्या वाळक्या फांद्यांवर भागलं होतं, तोवर भट्टीवर फक्त हवा थरथरत होती. आता भर दुपारी राशया गावाच्या माथ्यावर एक काळा खांब उभा राहिला होता, सगळ्या दरीने बघावा असा.

त्या खांबाभोवती कामिलची आई घिरट्या घालत होती. सीमेपलीकडून येणाऱ्या ड्रोनला गावात सगळे असंच म्हणायचे. दिवसभर डोक्यावर कुरकुरते, कुणाच्या अंगणात काय चाललंय ते बघते, आणि तिने जिथे जास्त वेळ बघितलं तिथे तासाभरात तोफेचा गोळा येतो.

"कॉफीला बोलावलंय वाटतं तिला?" वर्देमावशी कुंपणाशी उभी राहून ओरडली. तिच्या हातात चर्चच्या तळघरातली पाण्याची बादली होती. "एवढा धूर कशाला करायचा, नुसती हाक मारायचीस! आली असती!"

"मावशी, तू तळघरात जा," नख्ले म्हणाला.

"जाते ना. मेल्यावर तिथेच ठेवाल, मग आत्तापासून सवय करते."

जुमाना भट्टीच्या पाठीवर पालथी पडली होती आणि ओल्या मातीचे गोळे भेगांत कोंबत होती. सोळा वर्षांची, नख्लेची एकुलती एक. तिचे कोपर पोळले होते, भुवया अर्ध्या जळाल्या होत्या, आणि खाली बाप आणि काका एकमेकांच्या जिवावर उठले असताना तिच्या मनात फक्त एकच गोष्ट घोळत होती. दोन तास. अजून फक्त दोन तास जाळ टिकला की तिच्या बारा झाऱ्या पक्क्या होणार होत्या.

हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या घरात चाकावर पुरुष बसतात, बायका गेरूने नक्षी काढतात. आजोबांच्या आजोबांपासून असंच. जुमानाने दोनदा विचारून पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा नख्लेने तिच्या हातात मुकाट्याने कुंचला ठेवला होता. म्हणून ऑगस्टमध्ये, तो दुपारी डोळा लागून पडला की, ती चाकावर बसायची. चाक पायाने फिरवायचं आणि त्याची बैठक नख्लेच्या पायाच्या मापाची, तिची टाच जेमतेम पोचायची. सत्तावीस झाऱ्या बिघडल्या. बारा झाल्या. भट्टीच्या वरच्या थरात शिरायला बारीक अंग लागतं म्हणून तो थर नेहमी तीच भरायची. नख्ले पेंड आणायला वळला आणि तिने त्या बारा झाऱ्या त्याच्या झाऱ्यांमध्ये मिसळून टाकल्या. भट्टी उघडल्यावर त्याने त्या उचलाव्यात, टिचकी मारावी, एकीची तोटी उंच धरून पाण्याची धार घशात सोडावी. आणि मग तिने सांगावं. कसं सांगायचं ते तिने आरशासमोर उभं राहून पाठसुद्धा केलं होतं.

"बशाराचं काय झालं परवा?" मित्री आता भावाच्या अगदी अंगावर आला होता. "छाटलेल्या फांद्या पेटवल्या त्याने. नुसत्या फांद्या! कोठार गेलं, खेचरं गेली, आणि तो स्वतः सापडला तो तीन ठिकाणी. चाळीस पावलांवर माझी पोरं आहेत नख्ले, त्या तळघरात. तुझ्या मडक्यांपायी मारू का त्यांना?"

"दोन तासांचं काम आहे."

"तिला सांग ना वर! म्हणावं, बाई, दोन तासांनी ये!"

"कच्चं राहिलं तर पहिल्या सरीला सगळ्याचा चिखल होईल. सहा महिने राबलोय. राशयात ही एकच भट्टी उरलीय, मित्री. वीस वर्षं बैरूतला टॅक्सी हाकलीस, तुला काय कळणार?"

"मला एवढं कळतं की मी चाक सोडलं म्हणून माझ्या पोरांनी दोन वेळा जेवण पाहिलं!"

मित्रीने भिंतीला टेकवलेला लोखंडी आकडा उचलला, भट्टीतली लाकडं ओढायचा. तो भट्टीच्या तोंडाकडे वळला आणि त्याच क्षणी नख्लेने शेजारचा ओकचा ओंडका उचलून फिरवला. तो मित्रीच्या कानाच्या वर बसला. जुमानाने तो आवाज वरून ऐकला. ओलं लाकूड फोडताना येतो तसा.

मित्री पडला नाही. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो तसाच पुढे आला, त्याने भावाचा गळा धरला आणि दोघं उरलेल्या कच्च्या भांड्यांवर कोसळले. वाडगे, तेलाच्या बुधल्या, आठवडाभर सावलीत जपलेल्या घागरी, सगळं त्यांच्या पाठीखाली चुरत गेलं. मित्री नख्लेचं डोकं जमिनीवर आपटत होता. नख्लेने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. पन्नाशी ओलांडलेले दोन सख्खे भाऊ, लाल धुळीने माखलेले, आणि रक्त कुठलं आणि माती कुठली ते कळत नव्हतं.

"अरे सोडा! आईच्या दुधाची तरी लाज धरा!" वर्देमावशीने बादलीभर पाणी दोघांवर फेकलं. काही उपयोग झाला नाही. नुसता चिखल झाला.

मग शिट्टी ऐकू आली.

पहिला गोळा खालच्या ऑलिव्हच्या बागेत पडला. भट्टी जुमानाच्या पोटाखाली उसळली आणि परत येऊन आदळली. ती भट्टीवरून घसरली ती थेट मातीच्या खड्ड्यात. अंगणावर दगड, फांद्या, कुणाच्या तरी कुंपणाची तार असं बरसलं. मग एक क्षण काहीच नाही. मग चर्चच्या तळघरातून पोरांचं रडणं आलं, सगळ्यांचं एकदम, एकाच सुरात.

भाऊ सुटे झाले होते. मित्री चार पायांवर रांगत तळघराच्या दिशेने बघत होता, तोंडाने पोरांची नावं घेत होता. नख्ले उठला. त्याच्या नाकातून रक्त गळत होतं. त्याने टोपली शोधली, ती पेंडीने भरली आणि भट्टीत ओतली. एक दाणाही खाली सांडला नाही.

काळा खांब आणखी जाड झाला. वरची कुरकुर खाली आली.

जुमाना खड्ड्यातून वर चढली. लोखंडी आकडा तिच्या पायाशीच पडला होता, मित्रीकाकाचं रक्त ठिबकलेला. तिने तो उचलला.

"जुमाना."

तिने बापाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं.

"जुमाना, हात लावलास तर तंगडं मोडीन!"

"मोडा," ती म्हणाली, आणि आकडा भट्टीच्या तोंडात घातला.

जळती लाकडं एकेक करत बाहेर आली, ठिणग्या उडवत, तिच्या बुटांवरून. नख्ले धावला तसं वर्देमावशीने त्याच्या कमरेला मागून मिठी घातली. सत्तर वर्षांची बाई, पण वेलीसारखी चिकटली. जुमाना खड्ड्यातली ओली माती ओंजळींनी, मग दोन्ही हातांनी कवेत भरून निखाऱ्यांवर टाकत होती. पुढच्या वर्षीची माती ती. नख्लेने आणि तिने सप्टेंबरमध्ये गाळून, पायांनी तुडवून तयार केलेली. वाफ उठली. काळा खांब करडा झाला, विरळ झाला, मग मधूनच तुटला.

उघड्या तोंडातून गार वारा आत शिरला. तो वर चढत गेला, लालभडक भांड्यांमधून.

पहिला बार झाला तेव्हा सगळे जमिनीवर आडवे झाले. मित्रीने डोकं हातांत लपवलं, वर्देमावशीने नख्लेला सोडून कुंपणाखाली अंग टाकलं. दुसरा बार. तिसरा. मग मशीनगनसारखी लडच लागली. जुमानाही तोंड मातीत खुपसून पडली. काय फुटतंय ते तिला माहीत होतं, पण अंगाला ते पटत नव्हतं.

एकटा नख्ले उभा होता. भट्टीकडे तोंड करून, मान किंचित कलती ठेवून.

"रांजण," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "तोही रांजण. कोपऱ्यातला." मग, "बुधल्या." कुणी दारावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसांची नावं घ्यावीत तसा. प्रत्येक आवाजाला तो नाव देत होता आणि प्रत्येक नावागणिक त्याचे खांदे खाली येत होते.

मग वरच्या थराची पाळी आली. हे आवाज वेगळे होते, उंच, कोवळे, एकामागून एक. नख्लेने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

शेवटचा आवाज विरला. कामिलची आई अजून वर होती, पण आता लांब, दरीच्या पलीकडल्या बाजूला.

"ह्या माझ्या नव्हेत," नख्ले म्हणाला.

जुमाना उठून बसली. तिच्या तळहातांना फोड येऊ लागले होते. तिने ते मांडीखाली लपवले. आरशासमोर पाठ केलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"किती होत्या?"

"बारा."

तो तिच्याकडे आला. मारायलाच येतोय असं मित्रीला वाटलं असावं, कारण रक्ताने मिटलेला डोळा चोळत तो मधे यायला धडपडला. नख्लेने त्याला हाताने बाजूला केलं.

"भिंत पातळ काढलीस," तो मुलीला म्हणाला. "एवढी पातळ मला तिशीत जमली. पण तळ एका अंगाला जाड राहिलाय. आवाज दोनदा आला प्रत्येकीचा."

जुमानाने मान हलवली.

"नख्ले," मित्री म्हणाला. त्याचा आवाज आता गयावया करणारा होता. "गाडी चर्चमागे आहे. पोरांना घेतो. चल आता. ऊठ पोरी, चल."

"चाक चढेल का गाडीत?"

"चाक? ते धूड? भट्टी गेली, माती गेली, आणि चाक कशाला हवंय तुला?"

नख्ले मुलीसमोर गुडघ्यावर बसला, तिचा चिखलाने माखलेला पाय सरळ केला आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत वितीने मोजायला लागला.