बुधवारच्या यादीतलं नाव

"आजी, येत्या बुधवारी माझं नाव वाचलं गेलं तर गुरुवारी मी या घरात नसेन," नात म्हणाली आणि तिने स्टीम प्रेसचं झाकण असं दाबलं, की आत शर्टाऐवजी माणूस असता तर बोंबलला असता.

आजी काउंटरवर बसून कपड्यांच्या कॉलरला नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती. अख्खी गल्ली तिला 'सरकार' म्हणायची. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि आवडायचंही. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत, वाचायचं तर अक्षर अक्षर जुळवत. आकडे मात्र तोंडपाठ. तीनशे कपड्यांतली कुणाची पँट कुठल्या खुंटीवर आहे ते मान न वळवता सांगायची. अशा बाईला तिच्याच लाँड्रीत, शनिवारच्या गर्दीत, अंगाखांद्यावर वाढवलेल्या नातीने मुदत द्यावी?

"जा की," आजी म्हणाली. "दार उघडंच आहे. आणि राहणार कुठं, प्रेसखाली?"

"चष्म्याच्या दुकानावरची खोली बघून ठेवलीय."

टाचणी आजीच्या बोटात घुसली. म्हणजे पोरीने नुसता फणकारा केला नव्हता, खोलीही बघितली होती.

गोष्ट सात महिन्यांपूर्वीची. नात रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घ्यायची. एका मुलीचा बाप वारला. तो कधी चर्चला गेला नव्हता. "माझे बाबा नरकात गेले का?" असं मुलीने विचारलं आणि नात म्हणाली, "नाही." झालं. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी बोलावून विचारलं, हे तू बायबलातल्या कुठल्या वचनाच्या आधारावर बोललीस? नात म्हणाली, आधार माहीत नाही, पण बोलले ते परत घेणार नाही. वर्ग काढून घेतला. आजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षं वेदीवरचं पांढरं कापड तिच्या हातचं धुतलेलं, आणि तिच्याच घरात हे? बुधवारच्या प्रार्थना सभेत ती स्वतः उठली आणि नात यादीत घातली. तेव्हापासून दर बुधवारी, पोटाच्या ऑपरेशनवाल्यांनंतर आणि नोकरी गेलेल्यांच्या आधी, वाचलं जायचं: "लाँड्रीवाल्या आजींची नात. चुकलेल्या वाटेवरून परत यावी म्हणून." आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "प्रभू, ऐक." त्यात आजीचा आवाज सगळ्यांत मोठा.

दर शनिवारी दुपारी नात चष्मेवालीकडे काही माणसांत जाऊन बसायची. त्या दिवशी ती दुकानातून निघाली, तशी आजीनेही चपला घातल्या. चष्मेवाल्या बाईचे दोन पांढरे कोट धुऊन तयार होतेच. ते हातावर टाकले आणि निघाली. पोरीला बिघडवणारी माणसं आहेत तरी कशी, एकदा डोळ्यांनी बघायला नको?

चष्म्याच्या दुकानामागे काचा घासायची खोली. भिंतीला काचांचे ट्रे, यंत्रावर फडकं टाकलेलं, आणि मध्ये पाच प्लास्टिकच्या खुर्च्या. चष्मेवाली, एक निवृत्त मास्तर, एक बस ड्रायव्हर आणि नात. एवढाच फौजफाटा. आजीला वाटलं होतं, कोणी दाढ्या वाढवून धर्म बुडवत बसले असतील.

"या आजी, बसा," चष्मेवाली म्हणाली. "कोट द्यायला स्वतः आलात?"

"पाय मोकळे करायला आले," आजी म्हणाली आणि पाचव्या खुर्चीत ऐसपैस बसली. नातीने कपाळाला हात लावला.

ड्रायव्हर सांगत होता. त्याचा भाऊ दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार करतो, म्हणून त्याला प्रभुभोजनाला येऊ देत नाहीत. "लहानपणी एका ताटात जेवलो आम्ही. आता तो मागच्या बाकावर बसतो आणि मी पुढं जाऊन भाकर घेतो. ती घशाखाली उतरत नाही. घ्यावी की सोडावी?"

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी डोकं खाजवलं. "मला नाही माहीत बुवा."

"माहीत नाही?" आजीला राहवलं नाही. "एवढे पांढरे केस घेऊन माहीत नाही, तर जमता कशाला? नुसत्या खुर्च्या गरम करायला?"

"घरी एकट्याला माहीत नसलं की जीव घाबरतो, आजी," मास्तर हसले. "इथं चौघांना मिळून माहीत नसतं."

"आणि तेच माझ्या नातीच्या डोक्यात भरलंत. नरक नाही म्हणून."

"आजी!" नात ताडकन म्हणाली. "यांच्याकडे मी नंतर आले. आणि नरक आहे की नाही ते मी बोललेच नव्हते. त्या दिवशी काय झालं, ते तू कधी विचारलंस मला?"

"मंडळीत सांगितलं ना सगळं."

"मंडळीत सांगितलं ते अर्धंच. त्या रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी मुलांना माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. लाँड्रीवाले आजोबा जन्मभर चर्चच्या पायरीवरून मागं फिरायचे, पण शेवटच्या श्वासाला हात जोडले, प्रभूचं नाव घेतलं आणि तरले. ती पोरगी वर्ग संपल्यावर माझ्या ओढणीला लोंबकळली. म्हणाली, माझे बाबा गाडीवरून पडले, त्यांना हात जोडायला वेळच मिळाला नाही. म्हणजे ते आगीत आहेत का? सात वर्षांची होती, आजी. काय सांगायचं होतं मी?"

आजीने हातावरच्या कोटांची घडी मोडली आणि पुन्हा घातली. सरकारने दुसऱ्यांदा घातलेली घडी गल्लीने कधी पाहिली नव्हती.

उठायच्या आधी ते लोक प्रार्थना करायचे, पण त्यांची एक रीत होती. ज्याच्यासाठी मागायचं, त्यालाच आधी विचारायचं. ड्रायव्हर म्हणाला, माझ्यासाठी धीर मागा, उत्तर नको. मास्तर म्हणाले, गुडघा. मग चष्मेवाली वळली. "आजी, तुमच्यासाठी काय मागू?"

"मला काय धाड भरलीय? माझ्यासाठी काही मागू नका."

"बरं," चष्मेवाली म्हणाली. "नाही मागत."

आणि खरंच नाही मागितलं. आजी एक डोळा किलकिला करून बसली होती, की आता हळूच घुसडतील, 'या माऊलीचं मन वळव' म्हणून. बुधवारच्या सभेत एवढा मोका कुणी सोडला नसता. इथे नुसतीच शांतता होती. आजीला तीच जास्त लागली.

कारण म्हाताऱ्याने हात जोडलेच नव्हते.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हातारा रविवारीही इस्त्री करायचा. आजी बोलली की म्हणायचा, "देवाला कडक कापड लागतं ना? ते मी देतो. बाकीचं तू बघ." गेला त्या दुपारी लाँड्रीवरच्या खोलीत त्याच्याजवळ आजी एकटीच होती. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "इस्त्री बंद केली का?" हे त्याचे शेवटचे शब्द. चर्चच्या दफनभूमीत अशा माणसाला कोण जागा देणार? म्हणून आजीने त्या वेळच्या म्हाताऱ्या पाळकांना सांगितलं, शेवटी त्यांनी हात जोडले हो. पाळक रडले. जागा मिळाली. आजीला वाटलं, विषय मातीआड गेला. तो उलट उगवला, वाढला आणि दरवर्षी पोरांच्या वर्गात सांगितला जाऊ लागला.

मंगळवारी धुतलेलं वेदीचं कापड घेऊन आजी पाळकांच्या खोलीवर गेली. पाळक तरुण, भला माणूस, आजीला बघून उठून उभा राहणारा.

"पाळकसाहेब, नातीचं नाव यादीतून काढा."

"आजी, आनंदच आहे. ती परत आली का?"

"गेलीच कुठं होती? रोज माझ्यासमोर प्रेस मारते."

पाळक हसले. "तिने एकदा उभं राहून सांगावं, की बोलले ते चुकलं. लगेच काढू. खचू नका आजी. आपले लाँड्रीवाले आजोबा अगदी शेवटच्या घटकेला वळलेच ना?"

आजीने कापड टेबलावर ठेवलं. दर वेळी ती घडी नीट बसली का ते हात फिरवून बघायची. त्या दिवशी नाही बघितलं.

रात्रभर नाही, पण निम्मी रात्र तिने विचार केला. कबूल करायचं म्हणजे तीस वर्षांचा रुबाब एका वाक्यात खुंटीला टांगायचा. वर म्हाताऱ्याचं काय? कुणी म्हणालं, मग त्याला तिथून हलवा? पण सकाळी उठून बघते तर नातीची बॅग भरून भिंतीला टेकवलेली. वर दोन झगे घडी करून ठेवलेले. घडी बरोबर आजीने शिकवली तशी, बाही आत.

बुधवारी सभा भरली. पुढच्या बाकावर आजी, तिसऱ्या बाकावर ती लहान मुलगी आईला चिकटून. नात आत येत नसे. ती आजीला न्यायला म्हणून बाहेर पायरीवर उभी होती. यादी सुरू झाली. ऑपरेशनवाले झाले.

"लाँड्रीवाल्या आजींची नात. चुकलेल्या..."

"थांबा," आजी उठली. "ते नाव मी घातलं होतं, मीच काढते. माझ्या घरात कुणी चुकलेलं नाही. म्हणजे आहे, पण ती नात नाही."

पाळक म्हणाले, "आजी, नंतर बोलू या का?"

"नंतर माझी हिंमत राहायची नाही, साहेब. माझ्या नवऱ्याने हात जोडले नव्हते. प्रभूचं नावही घेतलं नव्हतं. 'इस्त्री बंद केली का' एवढंच म्हणाला आणि गेला. मी खोटं बोलले, त्याला तुमच्याजवळ जागा मिळावी म्हणून." एक बाक करकरलं. आजीने मागे वळून त्या लहान मुलीकडे बघितलं. "बाळा, ऐकलंस? आमच्या आजोबांनापण वेळ मिळाला नाही. तुझे बाबा जिथं असतील तिथंच तेही असतील. माझा म्हातारा आगीत असेल असं मला वाटत नाही. आयुष्यभर गरम इस्त्रीपाशी उभा होता, त्याला काय तेवढीच हौस?"

हसावं की नाही ते कुणाला कळेना. मुलीच्या आईने पदर डोळ्यांना लावला. पाळकांनी यादीकडे बघितलं, आजीकडे बघितलं, खिशातून पेन काढलं आणि एक ओळ खोडली. "आजोबांचं आपण बोलू," ते हळूच म्हणाले. "जागेचं नाही. जागा आहे तिथंच राहील. मी ती गोष्ट कुणाकुणाला सांगितली, त्याचं बोलू."

"आजींसाठी मागू का काही?" मागून कुणीतरी विचारलं.

"मला विचारून मागा," आजी म्हणाली. "आज नको."

बाहेर नातीने तिचा दंड धरला. दोघी चौकापर्यंत आल्या.

"आजी, आजोबा खरंच तसं म्हणाले?"

"हो गं."

"आणि केली होतीस बंद?"

आजी विजेच्या खांबाला हात टेकून उभी राहिली. "नव्हती केली. म्हणून धावत खाली गेले. कुणाचा तरी शर्ट जळून काळा झाला होता. प्लग काढला, खिडकी उघडली, वर आले, तर..." तिने नाक पुसलं. "पाच मिनिटं, पोरी. चाळीस वर्षं एका छताखाली काढली, आणि त्या पाच मिनिटांत तो एकटा होता."

नातीने तिला जवळ ओढलं. आजीला रस्त्यात असली लाडीगोडी खपत नसे. त्या दिवशी खपली.

"तुझी ती चष्मेवाली," आजी थोड्या वेळाने म्हणाली. "शनिवारी परत विचारेल ना, काय मागू म्हणून? तिला म्हणावं, मागायचं काही नाही. फक्त विचारा. त्या पाच मिनिटांत त्याच्याजवळ कुणी होतं का, एवढंच विचारा."

"ते तूच सांग. मी नेते तुला."

"नेतेस? वरच्या खोलीतून खाली उतरून नेणार, की घरातून?"

"घरातून," नात म्हणाली. "पण बॅग तू उपसायची. भरताना माझी कंबर मोडली."

"उपसते," आजी म्हणाली. "आणि ते झगे बघितले मी. बाही नीट आत गेली नव्हती."