मुका माज

मी मैनी बोलतेय. बालाघाटजवळच्या लालबर्ऱ्याच्या शांताबाईंची तांबडी गाय. गाय कधी बोलते का, असं विचारू नका. या घरात माझ्याविषयी मी सोडून सगळेच बोलतात, म्हणून शेवटी तोंड उघडावं लागलं.

होळीच्या सुमारास मी व्याले. पाडी झाली. कौतुक झालं, गूळ मिळाला, आणि चीक संपतो न संपतो तोच चौकशी सुरू झाली, "गरम झाली का?" इकडे गाय माजावर आली की गरम झाली म्हणतात. दूधवाला विचारतो, शेजारी विचारतो. अहो, खाल्लेलं सगळं दुधात जातंय, पाडी सारखी सडाला झोंबतेय, अंग अजून भरायचंय. आतली घडी बसल्यावरच माज यायचा ना? पण धीर धरेल तो माणूस कसला!

शांताबाईंचा मुलगा पवन म्हणाला, "गाय गाभण नाही, खालीच राह्यली तं काय कामाची? या बाजारी गुरांच्या व्यापाऱ्याले, महागूभाऊले देऊन टाकतो. पाडी ठेवू." मी पाडीला चाटू लागले. पाडी इथे आणि मी कुठे?

शांताबाई सुनेला म्हणाल्या, "पौर्णिमा, डॉक्टरले फोन लाव. गाय गरम नाही होऊन राह्यली म्हणा." पौर्णिमाचं माहेर बालाघाट शहरातलं. कडेवर तान्हं बाळ, आणि मराठीपेक्षा हिंदी सोपी. तिने सांगितलं, "सर, गाय ठंडी पड़ गई है." व्यालेली गाय गार पडली म्हणजे जिवावरचं दुखणं. डॉक्टर घाबरून म्हणाले, "झाकून ठेवा, निघालोच!"

मग काय विचारता! भर उन्हात पाठीवर पोती, त्यावर गोधडी, शेजारी पेटवलेली शेगडी. मी धापा टाकतेय आणि शांताबाई माझे कान चोळताहेत.

डॉक्टरांनी गोधडी पाहून कपाळाला हात लावला. तपासून म्हणाले, "गर्भपिशवी साफ आहे. व्याल्यावर हार्मोन जागेवर यायले वेळ लागतो. कधी माज मुका असतो, गाय हंबरतच नाही, येऊन निघून जातो. चांगलं खाऊ घाला, लक्ष ठेवा अन् थांबा."

थांबतो कोण? बाजाराच्या दिवशी महागू दोर घेऊन दारात हजर. पवनने मला सोडलंसुद्धा. पाडी ओरडू लागली, मीही हंबरले. तेवढ्यात पौर्णिमा बाळाला घेऊन फाटकात आडवी उभी राहिली.

"मुझसे भी सब पूछते हैं, दूसरा कब," ती म्हणाली. "तो मुझे भी बेच आओ बाजार में!"

विचारणाऱ्यांत शांताबाई पहिल्या होत्या. त्या पुढे आल्या. मग म्हणाल्या, "महागूभाऊ, चाय पिऊन जा. गाय नाही भेटत. घरात बाळंतीण हाय."

महागू गोंधळला. "सुनेले कोण नेऊन राह्यलं, बाई?"

"एक नाही, दोन हायेत," शांताबाई म्हणाल्या आणि माझा दोर पवनच्या हातातून काढून घेतला.

आमच्या जातीला कुणी बाळंतीण म्हणत नाही हो. आम्ही नुसत्या व्यालेल्या.

सध्या सरकीची ढेप खातेय. माज अजून नाही. शेजारी अजून विचारतातच. बाबांनो, विचारायचंच असेल तर 'पोटभर खाल्लं का' एवढं विचारा. आम्हा दोघींनाही.