एस्कोला दिलेली ऊब

"सापाला पोरगं समजते," असं आर्मास एकदा पाहुण्यांसमोर लेकीबद्दल बोलून गेला, तेव्हापासून सातू बापाशी कामापुरतंच बोलायची. त्यामुळे ऑपरेशनसाठी दवाखान्यात जाताना तिनं आपला अजगर, एस्को, त्याच्याच घरी आणून ठेवला, तेव्हा म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, बर्फानं लवलेली झाडं तारांवर पडून गावाची वीज गेली. आर्मास चुलीपाशी झोपला. पलीकडच्या खोलीतल्या एस्कोच्या काचपेटीतला उबेचा दिवाही विजेवरच चालतो, हे त्याच्या सकाळी ध्यानात आलं. एस्को दोरखंडासारखा ताठ पडला होता.

आर्मासकडे एकच औषध होतं. तो जन्मला सौनात, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरात. त्याचा न्यूमोनिया, मोडलेली पाठ, बायको गेल्याचं दुःख, सगळं तिथेच घामावाटे निघालेलं. सौना, दारू आणि डांबर यांनी जो बरा होत नाही तो मेलाच समजावा, असं गावात म्हणतातच. त्यानं बर्चची लाकडं सारली, दगड तापवले आणि एस्कोला बाकावर टॉवेलात ठेवलं. थोड्या वेळानं एस्को वळवळला. आर्मासनं डोळे पुसत फोन लावला.

"सातू, लाइट गेली, एस्को गारठला होता. पण आता हलतोय."

"कसा हलतोय?"

"झकास. मान वर करून एकटक छताकडे बघतोय. मधेच पाठीवर लोळतो. मजेत आहे गडी."



"बाबा, कुठे ठेवलंय त्याला?"

"सौनात. चांगला तापवलाय, आपल्यासाठी तापवतो तसा."

"गारठलेल्याला हळूहळू ऊब द्यायची असते, बाबा. मान अशी वर वळली म्हणजे उष्णता मेंदूला लागलीय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आता काय करू?"

"बाहेर काढा. शर्टाच्या आत, पोटाशी धरा."

"त्यानं बरा होईल?"

"नाही. तरी धरा."

सौनाबाहेरच्या खोलीत आर्मास शर्टाची बटणं लावून बसला. एस्कोचं डोकं पुन्हापुन्हा त्याच्या हनुवटीखाली वर वळत होतं. सातूनं फोन ठेवला नव्हता. इतका वेळ ती कित्येक वर्षांत त्याच्याशी फोनवर थांबली नव्हती. काय बोलावं ते त्याला सुचेना, म्हणून एस्को हलला की तो सांगायचा, "हलला."

एस्को हलायचा थांबला, त्यानंतरही बराच वेळ तो तेच सांगत राहिला.