लालला लाल, काळीला काळी

गाडी माझी, हट्ट माझा आणि चूकही माझीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागून सांगायला जीभ जड होते.

एकतीस वर्षं मी एसटीच्या डेपोत इंजिनं उघडली. सूर्यभान मिस्त्रीच्या, म्हणजे माझ्या, हाताखालून गेलेली गाडी रस्त्यात उभी राहिली असं कुणी म्हटलं, तर मी त्याच्याशी भांडायला उठायचो. रिटायर झाल्यावर एक जुनी कार घेतली आणि घरापुढच्या लिंबाखाली तिच्याशी खेळत बसायला लागलो. शेजारी सिद्धोधन राहतो. तो एसटीत ड्रायव्हर, डेपोतला माझा जोडीदार. त्याची मुलगी रोहिणी गेल्या वर्षी डॉक्टरकीच्या परीक्षेत, त्या नीटमध्ये, अकरा मार्कांनी हुकली होती. वर्षभर पोरीने पत्र्याच्या खोलीत बसून पुन्हा अभ्यास केला. यंदा सेंटर परभणीला आलं. पेपर दोनला, पण गेट दीडला बंद. दीडच्या पुढे एक मिनिट झालं की वर्ष वाया, आणि आणखी एक वर्ष थांबायचं नाही असं त्यांच्या घरात ठरलेलं.

त्या रविवारी सिद्धोधनची लातूरच्या गाडीवर ड्यूटी होती. तो म्हणाला, "मायलेकीला साडेआठच्या येष्टीत बसवून देतो."

"येष्टीचा काय भरवसा?" मी म्हणालो. "मी सोडतो कारनं. दीड घंट्यात परभणी."

एकतीस वर्षं जिचं मीठ खाल्लं, तिच्याबद्दल मी हे बोललो.

साडेनऊला आमचं पालम सोडलं. मागे रोहिणी आणि तिची आई सविता. मे महिन्याचं ऊन त्या वेळेलाच चटके देत होतं. एसी लावला तर नुसता कोमट वारा यायला लागला. गॅस संपला असेल, म्हटलं, आणि काचा खाली केल्या. रोहिणी डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होती. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस, पायात साधी चप्पल, केसांना पिनसुद्धा नाही, कारण तिथे आत सोडताना सगळं तपासतात.

गंगाखेडच्या अलीकडे इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. बघता बघता लाल रेघेला टेकला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. इंजिनातून भट्टीसारखी धग येत होती. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नसतं, उकळतं पाणी तोंडावर येतं. म्हणून अर्धा तास तसंच थांबलो. सविता दर पाच मिनिटांनी मोबाइलमध्ये वेळ बघत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी एकेक गोष्ट तपासली. पाणी थोडंच कमी झालेलं. कुठे गळती नाही. धुरात पांढरेपणा नाही, म्हणजे पाणी इंजिनात शिरत नाही, हेडचं गॅस्केट शाबूत. रेडिएटरचा वरचा पाइप पोळत होता, खालचाही पोळत होता. चावी फिरवली की पंखा गरगर फिरत होता. पंख्याची मोटार तर मी गुरुवारीच बदलली होती, भंगारातून चांगली शोधून आणलेली. तिच्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही.

"वॉल अडकला," मी निकाल दिला. इंजिन गार असताना पाणी अडवून धरणारी एक चिमुकली झडप असते, तिला आम्ही वॉल म्हणतो. ती अडकली की पाणी फिरत नाही. ज्याचा खालचा पाइपही पोळतोय त्याचं पाणी फिरतंच आहे, हे डेपोतल्या नवशिक्या पोराला मीच सांगितलं असतं. पण त्या दिवशी माझं डोकं इंजिनाच्या आधी तापलं होतं.

रडतखडत गंगाखेडला पोचलो आणि स्टँडसमोरच्या सावलीत वॉल काढायला घेतला. इंजिन निवण्यात आणि बोल्ट सोडवण्यात पाऊण तास गेला. तेवढ्यात परभणीची बस लागली. सविता पिशवी घेऊन उठली.

"भाऊजी, आमी येष्टीनं जातो. तुमी या मागून."

"वहिनी, बसा गप. धा मिनिटाचं काम हाय. त्या गर्दीत उभं ऱ्हाऊन पोरीचं डोकं दुखंल."

"पन भाऊजी—"

"मी हाय ना!"

मी ओरडलोच. रोहिणीने आईचा हात ओढून तिला खाली बसवलं. बस समोरून निघून गेली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे सांगताना आज लाज वाटते.

पावणेबाराला निघालो. खबरदारी म्हणून मी आतला हीटर लावला, पूर्ण जोरात. ही जुनी युक्ती आहे. इंजिनातली उष्णता हीटरवाटे आत ओढली की काटा थोडा खाली राहतो. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात आम्ही तिघं हीटर लावून बसलो होतो. सविताने ओला टॉवेल लेकीच्या डोक्यावर धरला. रोहिणीचा चेहरा लालबुंद झाला, वहीची पानं घामाने चिकटली. पण पोर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

गोदावरीचा पूल ओलांडला आणि काटा पुन्हा चढला. वॉल काढून फेकला तरी काटा चढतोय! मी गाडी विकणाऱ्याला शिव्या घातल्या, भंगारवाल्याला घातल्या, पेट्रोलला घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं. एकदा थांबलो, पुन्हा निघालो. दैठण्याच्या पुढे बॉनेटमधून वाफ निघायला लागली, तेव्हा बारा पस्तीस झाले होते आणि परभणी वीस किलोमीटर होती.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक मोटारसायकल गेली, तिच्यावर आधीच तिघं. सविता रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि एका जीपला हात केला. जीप वळसा घालून निघून गेली. जवळचं पाणी संपलं होतं. रोहिणीने परीक्षेत न्यायची आपली पारदर्शक बाटली माझ्यापुढे धरली.

"काका, हे ओता."

"तुला लागंल की."

"पोचले तर लागंल."

इंजिन बंद ठेवून मी नुसती चावी फिरवून ठेवली, पंखा निदान फिरू दे म्हणून. आणि मग मी रस्त्याच्या कडेला खडीवर बसलो. खरं सांगतो, मला काहीच सुचत नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

सविता गाडीच्या तोंडासमोर उभी होती. ती एकदम दोन पावलं मागे सरली.

"भाऊजी, पुढून झळ यायली आंगावर."

"इंजिन तापल्यावर झळ येनारच! गार वारा येनार हाय का?"

"तसं न्हाई." ती पुन्हा जाळीजवळ गेली, पदराचं टोक पुढे धरलं. पदर तिच्याच अंगाकडे उडाला. "पंखा वारा भाईर फेकायलाय. पंख्यानं वारा आत घ्यायचा का भाईर टाकायचा?"

मी खडीवरून उठलो.

"आमच्या हिरीवरली मोटार अशीच करती," ती म्हणाली. सिद्धोधनच्या दोन एकरांवर मोटार तीच चालवते, लाइटच्या वेळा तिलाच पाठ. "खांबावर फेज बदलला की मोटार उलटी फिरती. आवाज तसाच, फिरनं तसंच. पानी मातर येत न्हाई. मंग दोन वायरी आलटापालट करायच्या, की लागली सुलटी."

मी जाळीपाशी गेलो.

"रोहिणी, एक कागद दे."

तिने वहीचं पान टर्रकन फाडलं. मी ते रेडिएटरच्या जाळीवर धरलं. पंखा सुलटा असता तर पान जाळीला चिकटून बसलं असतं. मी हात सोडला आणि पान फडफडत माझ्या तोंडावर आलं.

गुरुवारची दुपार मला जशीच्या तशी दिसली. भंगारातल्या मोटारीला वायरी जोडायचा प्लग नव्हता, नुसत्या दोन वायरी होत्या. मी गाणं गुणगुणत लालला लाल, काळीला काळी जोडली, वर टेप गुंडाळला. डेपोत मी पोरांना हेच शिकवलं, लालला लाल, काळीला काळी, झोपेतही चुकायचं नाही. पण त्या मोटारीला आधीच कुणीतरी हाताला आल्या त्या वायरी लावल्या होत्या, रंगाला काही अर्थच नव्हता. पंखा फिरला, मी टाळी वाजवली. तो कुठल्या बाजूला फिरतोय हे पाहिलंच नाही. एसटीचा पंखा पट्ट्यावर फिरतो, त्याला उलटं फिरणं माहीतच नसतं. मलाही नव्हतं. रस्त्यावरचा वारा आत येऊ बघत होता आणि माझा पंखा त्याला बाहेर ढकलत होता.

पक्कड शोधायलाही वेळ नव्हता. चावी बंद केली, हात आत घातला. टेप दातांनी तोडला. तापलेल्या लोखंडाला मनगट टेकलं आणि कातडी चरचरली. लालला काळी, काळीला लाल. पीळ दिला, टेप गुंडाळला.

"माझ्याच हातानं झालं हे," मी म्हणालो. कुणाकडे न बघता म्हणालो, पण मोठ्याने म्हणालो.

चावी फिरवली. रोहिणीने तेच पान जाळीवर धरलं. हात सोडला. पान चिकटून बसलं.

झाकणावर टॉवेल दाबून वाफ हळूहळू सोडली. इंजिन सुरू ठेवून तिची बाटली थोडी थोडी आत ओतली. बारा अठ्ठावन्नला निघालो. मी काट्याकडे बघत होतो, सविता घड्याळाकडे, रोहिणी खिडकीबाहेर. काटा अर्ध्याच्या वर थरथरला आणि तिथेच थांबला. मग हळूच खाली आला. मी हीटर बंद केला. पोखर्णी मागे पडली. परभणीत शिरलो तर पुढे लग्नाची वरात, बँडवाले रस्ता अडवून नाचत होते. मी काचेतून डोकं बाहेर काढून असा ओरडलो, की नवरदेवाचा घोडासुद्धा बाजूला झाला.

गेटवर शिपाई साखळी ओढत होता. एक सत्तावीस. रोहिणी पळाली. गेटापाशी एकदा मागे वळून पाहिलं, ते आईकडे की माझ्याकडे, कळलं नाही. साखळी लागली.

सविता समोरच्या झाडाखाली बसली. मी गाडीपाशी उभा राहिलो. ती शिव्या देईल याची मी वाट बघत होतो. तिने पिशवीतून हळदीची पुडी काढली, माझ्या मनगटाकडे बोट केलं आणि पुडी माझ्या हातात दिली. थोड्या वेळाने ती उठून कुठेतरी गेली आणि आली तेव्हा म्हणाली, "पालमची येष्टी सा वाजता हाय. आमी तिनंच जाऊ."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

साडेपाचला पोरं बाहेर आली. रोहिणी सावकाश चालत आली, डोळे खोल गेलेले. पेपर कसा गेला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. सविताने तिला येष्टीचं सांगितलं. पोरीने माझ्या मनगटावरच्या हळदीकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"काका, हीटर बंद हाय ना?"

मी नुसती मान हलवली. ती पुढचं दार उघडून माझ्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. सविता क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग पिशवी घेऊन मागे बसली.

गाडी सुरू करून मी एसीचं बटण दाबलं, कारण गार इंजिनाला पुढचा पंखा त्याशिवाय फिरत नाही. दुपारचं ते वहीचं पान खिशातून काढलं, खाली उतरलो, जाळीवर धरलं आणि हात सोडला. पान चिकटलं. मग मी गाडी काढली.