खाल्लेल्या पानांची रुई

मी रुईचं झाड बोलतोय. आकुर्डीतल्या एका शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून उभा आहे. शोभेचं झाड नाही मी. पान तोडलं की पांढरा चीक गळतो, डोळ्यात गेला तर बोंबलत बसाल. तेव्हा जरा लांबूनच ऐका.

मला कुणी लावलं नाही. बियाची एक म्हातारी उडत आली, भिंतीच्या फटीत अडकली, आणि मी उगवलो. पोरं माझ्यावर चेंडू मारायची, शिपाई खरकटं पाणी ओतायचा. विचारपूस करणाऱ्या एकट्या यशोदाबाई, जुन्या गावातल्या. दर शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं न्यायच्या. आधी हात जोडायच्या, मग तोडायच्या.

गेल्या पावसाळ्यात शाळेनं फुलपाखरांची बाग करायचं काढलं. शिपाई कुदळ घेऊन पहिला माझ्यावरच आला. सातवीतली आरफा मधे उभी राहिली.

"काका, नका ना तोडू! विज्ञानाच्या साधनाबाईंनी सांगितलंय, याच्याच पानांवर अळ्या वाढतात."

"अगं, ही रुई हाय. रानात ढिगानं पडलीय."

"मग शाळेत पण एक असू दे की!"

माझ्यासाठी कुणी भांडलं, ते तेवढंच. पोरांनी शेजारी तरवड लावला, कढीपत्ता लावला, खुळखुळ्याचं बी पेरलं. बाटलीत उरलेलं पाणी आणून घातलं. आरफानं माझ्या खोडावर हात ठेवला. "आता तुला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द." मी म्हातारा मूर्ख. विश्वास ठेवला.

तांबड्या पंखांची फुलपाखरं आली, पानाखाली एकेक अंडं ठेवून गेली. पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या माझी पानं कुरतडू लागल्या. खाऊ देत. माझा चीक पचवणारं दुसरं आहे कोण?

शनिवारी यशोदाबाई आल्या. आरफानं अडवलं.

"आजी, पानांखाली अंडी आहेत."

"मग मारुतीला काय घालू गं बये, तुझी वेणी?"

"नाल्याकडची घ्या ना. तिथं खूप आहेत."

बाई कुरकुरल्या, पण दुखरे गुडघे घेऊन नाल्यापर्यंत गेल्या. पुन्हा माझ्या पानाला त्यांनी हात लावला नाही.

मग बागेला मदत करणाऱ्या कंपनीचे पाहुणे यायचं ठरलं. आदल्या दिवशी मोठे सर फेरी मारायला आले. माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "पानांची चाळण झालीय! पाहुण्यांना रोगट झाड दाखवायचं? उद्यापर्यंत साफ दिसलं पाहिजे. नाहीतर ही जागा पार्किंगला."

सर गेल्यावर साधनाबाईंनी कात्री आरफाच्या हातात दिली. "तूच कर बाळा. तुझं ऐकतं ते."

ऐकलं ना. एकेक कच् ऐकला. खाल्लेलं पान तेवढं कापायचं होतं, म्हणजे जवळजवळ सगळीच. अळ्यांसकट गोणीत गेली. "बाग वाचवायचीय रे," पोरगी पुटपुटत होती. मग उघड्या फांद्यांना तिनं पुठ्ठ्याची फुलपाखरं दोऱ्यानं बांधली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढं तिनं भाषण घडाघडा म्हटलं, "खाल्लेलं पान म्हणजे बागेत जीव आहे." टाळ्या पडल्या. भिंतीमागं गोणी उन्हात पडली होती.

शनिवारी यशोदाबाई नाल्याकडची पानं घेऊन परतताना कुंपणाशी थांबल्या. मला बघितलं, आरफाला बघितलं.

"मला न्हाई म्हनलीस. आन् तू हे काय केलंस गं?"

पोरीनं पाण्याची बाटली उघडली आणि माझ्या बुडाशी ओतली.

आता ती रोज पाणी घालते. बाग वाचली, हे मलाही दिसतं. कुदळीनं उपटलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. शिपायानं कुठं शब्द दिला होता? ज्या हातानं दिला त्यानंच कातरलं, ते डाचतं.

मला दोन कोवळी पानं फुटलीत. आज सकाळी एक तांबडं फुलपाखरू आलं. पुठ्ठ्याच्या फुलपाखराभोवती फिरलं, फसलं, मग माझ्या नव्या पानाखाली अंडं ठेवून गेलं. माझ्या भरवशावर.

मुलांनो, मला शब्द नको. पाणीही नको, त्यावाचून रुई मरत नाही. पाहुणे परत कधी येणार, तेवढं सांगून ठेवा. म्हणजे पुढच्या फुलपाखराला मी वेळेवर सांगीन, बाई, इथं नको, नाल्याकडं जा.