चौदा पौंडांचा हॅम

हार्लन प्रॉखनाउ दुपारी अडीचला चीजच्या कारखान्यातून घरी आला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोण्याच्या डबीखाली एक कागद ठेवलेला होता. वर चिठ्ठी होती, लेकीच्या अक्षरात. 'बाबा, स्पेलिंग तपासून ठेव. सोमवारी पाठवायचंय.'

या घरात स्पेलिंग तपासायचं काम त्याच्या बायकोचं, मार्लिसचं होतं. हार्लनला स्वतःचं आडनाव बिनचूक लिहिता यायचं, आणि त्यापुढे तो फारसा जात नसे. पण मार्लिसला जाऊन पाच वर्षं झाली होती, तेव्हा आता हे काम त्याच्याकडेच आलं होतं. त्याने हात धुतले, चष्मा लावला आणि वाचायला बसला.

ब्रेना सत्तावीस वर्षांची होती आणि मेडिकल कॉलेजांना अर्ज करत होती. अर्जात सगळं चांगलं होतं, एक गोष्ट सोडून. अठराव्या वर्षी ती मोठ्या विद्यापीठात गेली आणि पहिल्याच सहामाहीत रसायनशास्त्रात नापास झाली. गणितात काठावर सुटली. दुसऱ्या सहामाहीतही तोच प्रकार. वर्ष संपलं तशी सामान घेऊन घरी आली आणि गावातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवण्या-बसवण्याच्या, आंघोळी घालण्याच्या कामाला लागली. डॉक्टर व्हावं असं तिला तिथेच वाटायला लागलं. मग चार वर्षांपूर्वी तिने शेजारच्या गावातल्या छोट्या कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला मात्र एकाही विषयाने तिला दगा दिला नाही. पण हे अर्ज काही विसरत नाहीत. तोच विषय पुन्हा घेऊन पहिल्या नंबराने पास झालात तरी जुना नापासाचा शेरा जागचा हलत नाही. खाली एक चौकट असते, आणि तिच्यात असं का झालं ते लिहायचं असतं.

ब्रेनाने लिहिलं होतं, 'त्याच सुमारास माझ्या आईला कर्करोग झाल्याचं कळलं. माझं अभ्यासात लक्ष लागेना.' पुढे आईच्या उशाशी बसण्याबद्दल चार ओळी होत्या. चांगल्या लिहिल्या होत्या. हार्लनने दोनदा वाचलं. स्पेलिंगची एकही चूक सापडली नाही.

त्याने कागद होता तसा डबीखाली सरकवला आणि बटाटे सोलायला घेतले.

फ्रिजच्या दारावर, त्याच्या नाकासमोर, मार्लिसचा फोटो होता. चर्चच्या हॉलमध्ये दर नोव्हेंबरात शीप्सहेडचे सामने होतात. विस्कॉन्सिनमध्ये पत्ते म्हणजे शीप्सहेड, बाकीचे खेळ पाहुण्यांसाठी. त्या सामन्यांत मार्लिसने पहिला नंबर काढला होता आणि बक्षिसाचा चौदा पौंडांचा हॅम, डुकराच्या मांडीचा अख्खा तुकडा, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून ती उभी होती. गाल लाल, केस विस्कटलेले. मागच्या भिंतीवरच्या कापडी पाटीवर वर्ष स्पष्ट दिसत होतं. ब्रेनाच्या विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाचा तो नोव्हेंबर. मार्लिसचं दुखणं कळलं ते त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, मार्चमध्ये.

त्या नोव्हेंबरात ब्रेना काय करत होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर दुपारच्या जेवणापासून शीप्सहेड खेळत होती. खेळ आईनेच शिकवला होता, ती सहा वर्षांची असताना. जानेवारीत निकाल घरी आला तेव्हा मार्लिसने तो उभ्याउभ्या वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "जिंकत तरी होतीस का?" त्यानंतर तासभर तिची खरडपट्टी काढली, आणि सुट्टी संपेपर्यंत शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणासाठी चर्चच्या हॉलमध्ये बटाटे सोलायला बसवलं.

दोन दिवस हार्लन काही बोलला नाही. लेकीच्या वाटेत आडवं यायची त्याची इच्छा नव्हती. चार वर्षं त्याने तिला या टेबलाशी मान मोडून बसलेलं पाहिलं होतं. पण कागदातली ती ओळ त्याच्या डोक्यातून जाईना. बुधवारी कारखान्यात त्याने चीजच्या हौदातलं घट्ट झालेलं दूध कापायला पाच मिनिटं उशीर केला. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मुकादमाने येऊन विचारलं की तब्येत बरी आहे ना.

गुरुवार हा पत्त्यांचा दिवस. मार्लिसची थोरली बहीण व्हर्ना यायची. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि दिवसभर ऐकलेलं सगळं ती इथे आणून ओतायची. शेजारचा ड्वेन यायचा, निवृत्त वायरमन. चौथी खुर्ची मार्लिसची. ती गेल्यावर सात महिने डाव बसलाच नाही. मग एका गुरुवारी ब्रेना रसायनशास्त्राची वही घेऊन त्या खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली की एका खोलीत दार लावून अभ्यास करणं तिला जमत नाही, कधी जमलंच नाही, तेव्हा पत्ते आणि अभ्यास एकदमच करू. तेव्हापासून नियम ठरला. जो डाव जिंकेल त्याने तिच्या प्रश्नांच्या गठ्ठ्यातून एक चिठ्ठी उचलून तिला विचारायची. व्हर्ना औषधांची नावं स्वतःला सोयीची करून वाचायची. ड्वेनला मूत्रपिंडाची रचना घराच्या वायरिंगपेक्षा सोपी वाटली होती. आणि हार्लनला मेंदूतून निघणाऱ्या बाराही नसा ओळीने पाठ झाल्या होत्या. कारखान्यात तो त्या कोणाला सांगत नसे.

त्या गुरुवारी दोन डाव झाले आणि ड्वेनने पत्ते पिसता पिसता विषय काढला. सामन्यांची जाहिरात लागली म्हणाला, बक्षीस यंदाही हॅमच आहे, पण मार्लिसच्या हॅमएवढा कुठला मिळायला.

"त्या वर्षी काय खेळली ती," व्हर्ना म्हणाली. "चार तास जागची उठली नाही. शेवटी किलवरची राणी अशी आपटली टेबलावर की पाद्रीबुवांची कॉफी सांडली."

शीप्सहेडमध्ये राण्या सगळ्यांच्या वर असतात आणि राजाला कोणी विचारत नाही. हे वाक्य मार्लिस दर गुरुवारी हार्लनकडे बघून म्हणायची. त्याला ते आठवलं आणि हसू आलं. मग त्याने समोर बघितलं, तर ब्रेना हसत नव्हती.

"बाबा, तू तो कागद वाचलास ना?"

"वाचला."

"मग?"

"स्पेलिंग बरोबर आहे."

व्हर्नाने कसला कागद म्हणून विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने हात लांब करून डबीखालून स्वतःच काढून घेतला. वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि फ्रिजकडे बघितलं. मग भाचीकडे.

ब्रेना घाईघाईने बोलायला लागली. कॉलेजातल्या सल्लागाराने सांगितलं होतं की निवड करणाऱ्यांना कारण लागतं, आणि घरचं आजारपण सगळ्यांना पटतं. तिने खोटं असं काही लिहिलं नव्हतं, 'त्याच सुमारास' एवढंच म्हटलं होतं. देशभरातून हजारो पोरं अर्ज करतात, प्रत्येकाकडे काहीतरी घडलेलं असतं.

"आणि मी काय लिहू, पत्ते खेळत होते म्हणून?" ती म्हणाली. "मला दुःख झालंच नाही का? झालं ना. फक्त दोन वर्षांनी झालं."

हार्लनने हातातले पत्ते उपडे ठेवले.

"ब्रेना, ती दोन वर्षं तुझी आई धडधाकट होती," तो म्हणाला. "हॅम जिंकला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ती जुनी बोट घेतली. टोमॅटो इतके आले की ती पिशव्या घेऊन निघाली की लोक दारं लावून घ्यायचे. हे सगळं त्या दोन वर्षांत झालं. दुखण्याने तिचे जेवढे दिवस घेतले तेवढे पुष्कळ झाले. तू त्याला आणखी देऊ नकोस."

ड्वेनने खाली बघत विचारलं की डाव कोणाचा होता. व्हर्नाने त्याला गप बसायला सांगितलं.

"आणि मला कोणी घेतलंच नाही तर?" ब्रेनाने विचारलं.

"तर वाईट वाटेल," हार्लन म्हणाला. "मलाही वाटेल. पण हा फोटो दारावरून काढावा नाही लागणार."

रविवारी ब्रेनाने ती चौकट पुन्हा लिहिली. या वेळी तिने टेबलावर कागद ठेवला नाही, वाचून दाखवला. पहिल्या वर्षी मी अभ्यास न करता पत्ते खेळले, असं तिने सरळ लिहिलं होतं. एकटीने दार लावून बसणं जमत नव्हतं, समोरच्या खोलीत चार जण टेबलाभोवती बसलेले दिसायचे, आणि मी तिकडे जायचे. याला दुसरं कारण नाही. पुढे चार वर्षांपूर्वी मी अभ्यासच टेबलावर आणला, असं लिहून टेबलावरच्या तिघांचे व्यवसाय दिले होते. हार्लनला वाटलं, हे वाचून कोणी हिला दारातही उभं करणार नाही. पण ते त्याने पोटातच ठेवलं.

अर्ज तेरा कॉलेजांना गेले. डिसेंबरपर्यंत नऊ नकार आले. तिघांनी काही कळवलंच नाही. व्हर्ना प्रत्येक नकाराला 'त्यांचंच नुकसान' म्हणायची, पण नवव्यापर्यंत तिचाही जोर ओसरला होता. हार्लनची झोप उडाली. आपल्या एका हट्टापायी पोरीची चार वर्षं वाया गेली, हे तो ड्वेनजवळ एकदा बोलून बसला. ड्वेनने नेहमीप्रमाणे वेळ घेतला आणि सांगितलं की जोडणी बरोबर असली तरी कधीकधी दिवा लागायला थोडा उशीर होतो. वायरमनचं बोलणं, त्याचा उपयोग किती होणार.

तेराव्या कॉलेजाने जानेवारीत मुलाखतीला बोलावलं.

हार्लननेच गाडी चालवली, तीन तास, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग. ब्रेना आत गेली आणि तो खालच्या उपाहारगृहात सफरचंदाच्या 'ॲपल पाय'चा तुकडा घेऊन बसला. आजूबाजूला सुटाबुटातले आईबाप होते. त्याने कारखान्याचा कोट घातला होता, कारण तोच सगळ्यांत ऊबदार होता. दुसरा तुकडा घेतला. तो मार्लिसच्या हातच्या ॲपल पायच्या पासंगालाही पुरत नव्हता, तरी संपवला.

ब्रेना बाहेर आली ती थेट गाडीत बसली. गाव मागे पडल्यावर बोलायला लागली. एक म्हाताऱ्या डॉक्टरबाई होत्या, त्यांच्यासमोर तिचा कागद होता. त्यांनी इतर काही विचारायच्या आधी विचारलं, "तुम्ही जिंकत तरी होता का?"

हार्लनने गाडीचा वेग कमी केला.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बऱ्यापैकी. पण आईइतकं नाही. मग त्यांनी आईबद्दल विचारलं. मग मी सगळं सांगितलं, हॅम, बोट, टोमॅटो. आजारपण सगळ्यात शेवटी सांगितलं, जिथे होतं तिथे."

त्यांनी टेबलावरच्या माणसांबद्दलही विचारलं होतं. चीज करणारा काय शिकला म्हणाल्या. ब्रेनाने सांगितलं की बाबाला बारा नसा ओळीने येतात, तर बाईंनी कौतुकाने मान हलवली आणि म्हणाल्या की आमच्या दुसऱ्या वर्षाच्या निम्म्या मुलांना येत नाहीत. वीस मैल गेल्यावर हार्लनने त्या बारा नसा एकदा मोठ्याने म्हणून बघितल्या, सगळ्या आल्या.

मार्चमधल्या एका दुपारी तो बटाटे सोलत होता आणि मागचं दार उघडून ब्रेना बर्फाने माखलेल्या बुटांसकट थेट स्वयंपाकघरात आली. मार्लिसने हे कधी चालू दिलं नसतं. त्याने बूट काढ म्हणून सुनावलं. ती तशीच उभी राहिली, फोन हातात, आणि फरशीवर पाण्याचं तळं व्हायला लागलं. तेव्हा त्याला कळलं. त्याने सुरी खाली ठेवली आणि ओल्या हातांनीच लेकीला जवळ घेतलं, आणि बुटांचं पुन्हा नाव काढलं नाही.

त्या गुरुवारी व्हर्नाने केक आणला होता. तो खाऊन झाल्यावर ड्वेनने मुद्द्याची गोष्ट काढली. ऑगस्टात ब्रेना गेली की चौथा कोण? त्याचा मेहुणा एल्रॉय मोकळा होता, पण व्हर्नाचा त्याला विरोध होता. तो एक पत्ता टाकायला इतका वेळ लावतो की तेवढ्यात माझी दोन गिऱ्हाइकं होतात, असं तिचं म्हणणं. शिवाय तो खाताना बोलतो. बोलता बोलता दोघं थांबले आणि हार्लनकडे बघायला लागले. ती खुर्ची कोणाची आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

हार्लनने काट्याने केकचा उरलेला चुरा गोळा केला.

"बोलाव एल्रॉयला," तो म्हणाला. "तिघांत खेळायचं म्हणजे मार्लिस हसेल आपल्याला."

ऑगस्टाला अजून पाच महिने होते. ब्रेनाने पत्ते पिसले आणि वाटले. हार्लनने तिच्याकडे एकदा बघितलं आणि त्याला कळलं की किलवरची राणी तिच्या हातात आली आहे. मार्लिसच्या चेहऱ्यावरून असलं काही कोणाला कळायचं नाही. चेहऱ्यावर सगळं दिसायची ही सवय पोरीने बापाकडून घेतली होती. त्याने हातातला राजा टाकला, आणि ब्रेनाने राणी आपटली ती अशी, की ड्वेनची कॉफी सांडली.